प्रालँ, सेशेल्स: डोंगरावरच्या एकट्या व्हिलात राहायचं असेल तर

सेशेल्स म्हटलं की आधी रिसॉर्ट बघितले जातात, मग त्यांचे दर बघितले जातात आणि मग टॅब बंद केला जातो. आमचंही तेच चाललं होतं, पण आम्ही चौघं जाणार होतो, मी, नवरा, दीर आणि जाऊ, आणि स्वयंपाकघर असलेला अख्खा व्हिला चौघांत वाटून घेतला तर रिसॉर्टच्या दोन खोल्यांपेक्षा बराच स्वस्त पडतोय हे दिराने एक्सेलमध्ये मांडून दाखवलं, त्यामुळे प्रालँ बेटाच्या (आपण नकाशावर प्रास्लिन वाचतो) उत्तर किनाऱ्यावर, आन्स बुदँच्या वरच्या डोंगरात एक सुटा व्हिला घेतला. शेजारी कोणी नाही, खाली समुद्र, समोर क्यूरिअस बेट. जागा फोटोत होती तशीच निघाली हे आधीच सांगून टाकते.

आता मुद्द्याचं. एकांत हवा म्हणजे दूध, अंडी, पेट्रोल आणि डॉक्टर हे सगळं लांब असलेलं चालेल असं आपण कबूल केलेलं असतं, फक्त बुक करताना ते कोणी मोठ्याने बोलत नाही. ते एकदा मान्य करून तयारीने गेलात तर याच्यासारखी सुट्टी नाही, आणि ते मान्य नसेल तर सरळ याच बेटावरच्या कोत द'ओरच्या किनाऱ्यावर राहा, तिथे खाली उतरलं की दुकान, टेकअवे, बोटवाले सगळं आहे आणि त्यात काही कमीपणा नाही.

आधी पोचायचं. आपल्याला व्हिसा लागत नाही पण निघण्याआधी ऑनलाइन ट्रॅव्हल ऑथोरायझेशन घ्यावं लागतं, त्याला फी आहे, आणि राहण्याचं बुकिंग आणि परतीचं तिकीट जोडायला लागतं. ते सरकारी साइटवरूनच भरा. विमान माहे बेटावर उतरतं. तिथून प्रालँला छोटं विमान जातं, वीसेक मिनिटांचं, नाहीतर माहेवरच्या राजधानी व्हिक्टोरियाच्या जेट्टीवरून मोठी कॅटामरान फेरी, साधारण तासभर. आम्ही फेरीने गेलो. मे ते सप्टेंबर आग्नेयेकडून वारा असतो आणि तेव्हा तो तास चांगलाच हलवतो, ज्यांना बोट लागते त्यांनी गोळी बसल्यावर नाही, अर्धा तास आधी घ्या आणि मागच्या बाजूला खाली बसा. मोठ्या बॅगा वेगळ्या ठेवायला घेतात, त्यांच्यावर पाणी उडू शकतं, म्हणून औषधं, चार्जर, कागदपत्रं हातातल्या बॅगेत.

फेरीच्या आधी हातात दोन-तीन तास असतील तर व्हिक्टोरियात किराणा करा. मी हे ठासून सांगतेय कारण प्रालँवरची दुकानं लहान आहेत, भाजी जहाजाने आणि शेतकऱ्यांकडून जशी येईल तशी असते, एक दिवस टोमॅटोचा ढीग आणि दुसऱ्या दिवशी नुसता कोबी. व्हिक्टोरियाचा जुना बाजार सोमवार ते शनिवार असतो, रविवारी बंद, आणि प्रालँवरही रविवारी बरीच दुकानं बंद किंवा अर्धा दिवस. म्हणून शनिवारी संध्याकाळी किंवा रविवारी पोचणार असाल तर पहिल्या दोन वेळचं जेवण सोबत असू दे. तांदूळ, तेल, कांदे, अंडी, पाणी, कॉफी, काडेपेटी. काडेपेटी हसण्यावारी नेऊ नका, शेगडीचं लायटर चालत नव्हतं आणि काडेपेटीसाठी डोंगर उतरायचा हा अनुभव दिराने घेतलाय.

मासे मात्र आणू नका, ते तिथे मिळतात. प्रालँवरच्या बे सेंत आनच्या जेट्टीजवळ होड्या आल्या की कोळी तिथेच विकतात, बोनितो, जॉबफिश आणि लाल बुर्झ्वा, म्हणजे आपल्या तांबोशीच्या कुळातला. एक मोठा बुर्झ्वा चौघांना पुरून उरला, व्हिलातल्या कोळशाच्या शेगडीवर लिंबू, आलं आणि तिथली बारीक लालभडक मिरची लावून भाजला. त्या मिरचीपासून जपून. सोबत नीरफणस भाजायचा, तिथे तो बटाट्यासारखा खातात, आणि जो तिथला नीरफणस खातो तो परत येतो असं ते म्हणतात, त्यामुळे धाकट्या जाऊने दोनदा वाढून घेतला. ज्या दिवशी स्वयंपाकाचा कंटाळा त्या दिवशी टेकअवे, फिश करी, ऑक्टोपस करी, भात, डब्यात बांधून देतात आणि रेस्टॉरंटच्या मानाने खूपच स्वस्त. पण दुपारी दोननंतर डबे संपतात आणि तुम्ही डोंगरावर बसलेले असता.

म्हणून गाडी. बेटावर सरकारी बस आहे, स्वस्त आहे, आन्स बुदँपर्यंत येतेसुद्धा, पण व्हिला तिथून वर आहे आणि तो चढ दुपारी किराण्याच्या पिशव्या घेऊन चढून दाखवा मग बोलू. छोटी गाडी भाड्याने घ्या, वाहतूक डावीकडून आहे, रस्ते अरुंद, कडेला कठडा नाही आणि शेवटचा टप्पा सिमेंटचा खडा चढ. नवरा पहिल्या गिअरमध्ये देवाचं नाव घेत चढवायचा. बुकिंग करताना मालकाला तीनच गोष्टी विचारा: साधी छोटी गाडी दारापर्यंत येते का, पाऊस पडल्यावर पण येते का, आणि गाडी वळवायला जागा आहे का. तिसरा प्रश्न कोणी विचारत नाही आणि रात्री रिव्हर्समध्ये तो चढ उतरताना आठवतो. पेट्रोल भरायला बे सेंत आन किंवा ग्रांद आन्सकडे जावं लागतं, काटा अर्ध्यावर आला की भरून टाका.

पाणी. डोंगरावरच्या घरांना बहुतेक टाकी आणि पंप असतो, म्हणजे वीज गेली की थोड्या वेळाने नळही जातो. आमच्याकडे एका संध्याकाळी वीज गेली तेव्हा केअरटेकर मावशींनी सकाळीच दोन बादल्या भरून ठेवायला का सांगितलं होतं ते कळलं. त्या मावशी हा आमच्या मुक्कामातला सगळ्यात मोठा आधार, एक दिवसाआड यायच्या, पपई आणून द्यायच्या आणि समुद्राकडे एक नजर टाकून आज पोहायला कुठे जा ते सांगायच्या. त्यांना सकाळी आधी 'बोंझूर' म्हणायचं आणि मग कामाचं बोलायचं, थेट "टॉवेल हवेत" असं सुरू केलेलं तिथे बरं दिसत नाही. प्लग तीन चौकोनी पिनांचे ब्रिटिश पद्धतीचे, अडॅप्टर न्या, आणि टॉर्च माणशी एक.

टॉर्च का, तर तिथे संध्याकाळ नसतेच. बेट विषुववृत्ताच्या जेमतेम 4 अंश दक्षिणेला आहे, वर्षभर सूर्य सहा-साडेसहाच्या दरम्यान बुडतो आणि अर्ध्या तासात मिट्ट काळोख. पहिल्या रात्री जाऊ म्हणाली, "ताई, कोणीतरी भांडतंय बाहेर." भांडत होती ती फळं खाणारी वटवाघळं, बदामाच्या झाडावर, आणि ती पहाटेपर्यंत भांडतात. माणसांना काही करत नाहीत. भिंतीवर पाली असणारच, दिवसा हिरव्यागार आणि रात्री दुसऱ्या, तारांवर आणि झाडांमध्ये हाताच्या पंज्याएवढे पाम स्पायडर जाळी करून बसलेले असतात, दिसायला भयंकर पण निरुपद्रवी. ज्याला खरंच घाबरायचं ती घोण, म्हणजे मोठी गोम. इथली घोण मोठी असते आणि चावली तर प्रचंड दुखतं, त्यामुळे बूट झटकून घालायचे, ओला टॉवेल जमिनीवर टाकायचा नाही आणि रात्री अनवाणी अंगणात जायचं नाही. मलेरिया नाही, पण डास आहेत आणि डेंगी असतो, तेव्हा क्रीम लावाच, आणि व्हिला निवडताना खिडक्यांना जाळी आहे का आणि पलंगाला मच्छरदाणी आहे का ते फोटो मोठा करून बघा. हॉस्पिटल बे सेंत आनला आहे, आम्हाला लागलं नाही.

महिना कुठला यावर बेटाची कुठली बाजू घ्यायची ते ठरतं, आणि माझ्या मते ही सगळ्यात महत्त्वाची गोष्ट आहे, इन्फिनिटी पूल आहे की नाही यापेक्षा कितीतरी. आम्ही सप्टेंबर अखेरीस गेलो, आग्नेय वारा उतरणीला लागलेला, त्यामुळे उत्तरेचा किनारा शांत, आणि त्याच वेळी दुसऱ्या बाजूच्या ग्रांद आन्सला किनाऱ्यावर शेवाळाचे ढीग. डिसेंबर ते मार्च वारा वायव्येकडून फिरतो, पाऊसही तेव्हा जास्त, आणि मग आन्स लाझिओसारख्या नावाजलेल्या किनाऱ्यावरसुद्धा लाटा जोरात येऊ शकतात. एप्रिल आणि ऑक्टोबर-नोव्हेंबर हे मधले दिवस, वारा कमी, पाणी नितळ, स्नॉर्केलिंगवाल्यांनी तेच धरावेत. वादळांची फार काळजी नको, ही बेटं चक्रीवादळांच्या पट्ट्याच्या बाहेर पडतात.

आन्स लाझिओ आमच्यापासून एक डोंगर ओलांडून. सकाळी नऊच्या आत जा, दहा-साडेदहाला फिरायला आणलेले गट येतात. दोन्ही टोकांना ग्रॅनाइटचे गुलाबी-करडे दगड, काठाला उंडीची झाडं वाकलेली, आणि त्या सावलीत चटई टाकून पडलं की दुपार कुठे जाते कळत नाही. उन्हाचं मात्र ऐका. स्नॉर्केल करताना पाठ पाण्याबाहेर राहते आणि पाणी गार असल्याने चटका जाणवत नाही, दिराची पाठ पुढचे दोन दिवस कोणाला हात लावू देत नव्हती. पूर्ण बाह्यांचा पोहायचा शर्ट घाला, क्रीमवर विसंबू नका. शिंपले, प्रवाळ उचलून आणू नका, बेकायदेशीर आहे.

बघण्यासारखं थोडक्यात सांगते कारण त्याची माहिती सगळीकडे आहे. व्हॅली द मे हे दर्याई नारळाचं जंगल चुकवायचं नाही, 1983 पासून जागतिक वारसा आहे, आणि दर्याई नारळ नैसर्गिकपणे फक्त या बेटावर आणि समोरच्या क्यूरिअसवर उगवतो, जगातलं सगळ्यात मोठं बी. आपल्याकडे साधू-फकिरांच्या हातात जो काळा कमंडलू किंवा कटोरा दिसायचा तो याच नारळाचा, पूर्वी समुद्रातून वाहत येणारा, आणि तो झाडाला लागलेला बघताना मला तरी गंमत वाटली. वाटाड्या घ्या, नाहीतर नुसती पानं बघून बाहेर याल, आणि काळा पोपट शिट्टीवरून शोधावा लागतो. क्यूरिअसला बोटी कोत द'ओरहून, मोकळी फिरणारी मोठी कासवं, खारफुटीतून लाकडी वाट आणि पलीकडच्या किनाऱ्यावर जेवण. शेजारचं ला दीग बेट फेरीने पंधरा मिनिटं, तिथे सायकल घ्या, एक दिवसात जेवढं होईल तेवढं करा.

पण ही सगळी भटकंती एकामागोमाग उरकून घ्या आणि व्हिलासाठी किमान दोन पूर्ण दिवस मोकळे ठेवा, कारण लोक एवढे पैसे मोजून व्हिला घेतात आणि सकाळी आठला बाहेर पडून अंधार पडल्यावर परत येतात, मग तिथे झोपण्यापुरती कुठलीही खोली चालली असती. आमच्या जाऊबाई पहिल्या दिवशी "दिवसभर इथे करायचं काय?" म्हणून विचारत होत्या. तिसऱ्या दिवशी त्या व्हरांड्यातून उठायला तयार नव्हत्या. समोर क्यूरिअसवर पाऊस पडताना दिसतो, दहा मिनिटांत तो पाणी ओलांडून आपल्याकडे येतो, वाळत घातलेले कपडे काढायला तेवढा वेळ पुरतो. वायफाय होतं, यथातथा, व्हिडिओ कॉलवर ऑफिसचं काम करायचा बेत असेल तर दुसरीकडे राहा.

लहान मुलं असतील तर विचार करा. डोंगरावरच्या पूलला बहुतेक ठिकाणी कठडा नसतो, पायऱ्या उंच असतात. गुडघे दुखणाऱ्या आई-बाबांनासुद्धा मी नेणार नाही, आमच्या दारापासून पाण्यापर्यंतच्या पायऱ्या मी मोजायला सुरुवात केली आणि सोडून दिली. 'समुद्राचा व्ह्यू' आणि 'समुद्रापाशी' यात पायऱ्यांचा फरक असतो.

पैशाचं: व्हिला, गाडी, बोट यांचे दर युरोत सांगतात, दुकान, बस, टेकअवेला सेशेल्सचे रुपये. एटीएम बे सेंत आन, कोत द'ओर, ग्रांद आन्स इथेच, वर डोंगरावर काही नाही. ऑगस्ट 2023 पासून पर्यावरण लेव्ही सुरू झाली आहे, लहान ठिकाणी माणशी रात्रीला 25 सेशेल्स रुपये आणि मोठ्या हॉटेलात त्याहून जास्त, ती भाड्यात धरली आहे की वेगळी ते विचारून घ्या. डिपॉझिट घेतलं असेल तर पोचल्या पोचल्या फुटलेले कप, डाग पडलेली गादी, सगळ्याचे फोटो मालकाला पाठवा.

दर्याई नारळ घ्यायचा असेल तर तो परवान्याच्या कागदासकट आणि शिक्क्यासकट घ्या, कागद नसेल तर विमानतळावर काढून घेतात, आणि तो जड असतो, बॅगेचं वजन आधी बघा. परतीचं विमान असेल त्याच दिवशी सकाळच्या फेरीवर भरवसा ठेवायचा असेल तर निदान पाच-सहा तासांचं अंतर ठेवा, वाऱ्याच्या दिवसांत तर आदली रात्र माहेवरच काढा.