तुम्ही विचारलंत म्हणून: जुनी टेलिफोटो (लांबचं जवळ आणणारी लेन्स) घ्यायची तर कोणती?

"मॅचचे आणि कार्यक्रमांचे फोटो काढायचेत, पैसे बेताचे आहेत. ७०-३०० घेऊ की जुनी ७०-२००?" हे मला बरेच जण विचारतात. (हे आकडे लेन्सच्या झूमचे, मिलिमीटरमध्ये.) माझं उत्तर ठरलेलं आहे: हॉलमध्ये काढणार असाल तर एफ २.८ वाली घ्या (एफचा आकडा जितका लहान, तितका जास्त उजेड आत येतो), कितीही जुनी आणि जड असली तरी.

हॉलमधल्या बॅडमिंटनला एफ २.८ आणि आयएसओ (सेन्सरची संवेदनशीलता) ३२०० वर १/५०० सेकंदाचा शटर मिळत असेल, तर तिथेच ७०-३०० च्या एफ ५.६ वर १/१२५ हाती येतो. चेहरा एखादवेळेस शार्प येईल, पण स्मॅश मारणारा हात पुसून जातो. लेन्समधलं स्टॅबिलायझेशन आपला हात सावरतं, खेळाडूला थांबवत नाही. भाषण करणाऱ्या वक्त्यासाठी मात्र ते फार कामाचं. आणि फक्त उन्हातल्या मैदानावरच काढायचे असतील, तर कॅननची १९९९ची ७०-२०० एफ ४ हलकी आहे, सुरेख आहे.

निकॉनची ८०-२०० एफ २.८ डी मला मनापासून आवडते. पण तिच्यात मोटर नाही, बॉडीतली, म्हणजे कॅमेऱ्यातली, मोटर तिचा फोकस फिरवते. डी ३००० किंवा डी ५००० मालिकेतल्या बॉडीत ती मोटर नसते, म्हणून तिथे ऑटोफोकस होणारच नाही. एफटीझेड अडॅप्टर (जुन्या लेन्स निकॉनच्या मिररलेस झेड कॅमेऱ्याला जोडणारा) लावून झेड बॉडीवरही नाही.

आता काच. मी एकदा भर उजेडात वरवर बघून लेन्स घेतली. पहिल्याच कार्यक्रमात स्टेजचे दिवे समोर आले आणि काळे पडदे राखाडी दिसायला लागले. रात्री मागून तिरका टॉर्च मारला तेव्हा आतल्या काचेवर आरशावर श्वास सोडावा तसा धुरकट थर दिसला. तेव्हापासून टॉर्चशिवाय मी लेन्स बघत नाही. धुळीचे दोन-चार कण चालतात, कोळ्याच्या जाळ्यासारखे धागे दिसले तर ती बुरशी, लेन्स परत द्या. अ‍ॅपर्चरच्या (उजेड आत सोडणाऱ्या छिद्राच्या) पात्यांवर तेल नको.

मग झूम २०० वर नेऊन, अ‍ॅपर्चर पूर्ण उघडं ठेवून, जवळ-लांब-जवळ असा दहा वेळा फोकस करा. लेन्समधली अल्ट्रासॉनिक (फोकसची) मोटर किंचाळत असेल तर ती शेवटाला आलीय; जुन्या मॉडेलचे पार्ट मिळणं कठीण असतं. फोटो तिथेच कॅमेऱ्यावर मोठे करून बघा, चारही कोपरे सारखे आहेत का ते. आणि जमलं तर संध्याकाळी जा, टॉर्चमध्ये काच तेव्हा जास्त स्पष्ट दिसते.