फडक्याच्या गाळ्यातून: तुर्भ्यातील आमची वाटचाल

नव्वदच्या दशकात आमच्या वडिलांनी तुर्भ्यात एक गाळा भाड्याने घेतला आणि कॉटन वेस्टचा व्यवसाय सुरू केला. दिघ्यापासून नेरुळपर्यंत पसरलेल्या ट्रान्स ठाणे क्रीक औद्योगिक पट्ट्यातील कारखान्यांना यंत्रांचे तेल पुसण्यासाठी सुती धाग्यांचे पुंजके आणि बनियनच्या कापडाचे तुकडे लागत, आणि तो माल आम्ही किलोवर विकत असू. नवी मुंबईत मोटारी वाढल्या तसे गाडी धुणारेही आमच्याकडून तेच तुकडे आणि पिवळी फडकी नेऊ लागले. धंदा माझ्याकडे आला तोपर्यंत या किरकोळ गिऱ्हाइकांची संख्या बरीच झाली होती, आणि त्यांच्याबरोबर गाडीचे मालकही एक प्रश्न घेऊन येऊ लागले होते: रोज पुसूनही काळ्या गाडीवर उन्हात कोळ्याच्या जाळ्यासारखे बारीक ओरखडे का दिसतात? या प्रश्नाचे उत्तर शोधताना आमच्या व्यवसायाची दिशा बदलली.

मोटारीच्या रंगावर शेवटी जो पारदर्शक थर असतो, ज्याला क्लिअर कोट म्हणतात, तो साधारण चाळीस ते पन्नास मायक्रॉन जाडीचा असतो, म्हणजे माणसाच्या केसापेक्षाही पातळ. गाडीची चमक आणि उन्हापासून खालच्या रंगाचे रक्षण या दोन्ही गोष्टी त्याच थरावर अवलंबून असतात. ओरखडे घालवण्यासाठी पॉलिश करतात तेव्हा त्यातलाच काही मायक्रॉनचा भाग घासून काढला जातो आणि तो पुन्हा भरून येत नाही. त्यामुळे पॉलिशच्या मशीनपेक्षा रोज हातात असणाऱ्या कापडाची काळजी आधी घ्यावी, असे माझे ठाम मत आहे. गडद, एकरंगी गाडीवर हे ओरखडे लगेच दिसतात. पांढऱ्या किंवा चंदेरी गाडीवर ते नजरेत भरत नाहीत, पण पडतात तितकेच.

आपल्या भागातील धूळ साधी नाही. पारसिकच्या डोंगरालगत वर्षानुवर्षे दगडखाणी चालल्या, औद्योगिक पट्ट्यात अवजड वाहनांची वर्दळ थांबत नाही, आणि उलवे, खारघर, पनवेलच्या बाजूला बांधकामांची रेती व सिमेंट हवेत असते. रेतीत गारगोटीचे कण असतात, आणि गारगोटी काचेवरही चरे पाडते. मग क्लिअर कोटची काय कथा! पहाटे सोसायटीच्या वाहनतळावर कोरड्या फडक्याने गाडी झटकून पुसली जाते तेव्हा ओरखडा पाडण्याचे काम कापडाखाली सापडलेला हा कण करतो. म्हणून कापड किती मऊ आहे यापेक्षा, उचललेला कण त्या कापडात कुठे जाऊन बसतो हे पाहणे महत्त्वाचे आहे. सपाट विणीच्या सुती तुकड्यात त्याला आत शिरायला जागाच नसते, त्यामुळे तो पृष्ठभागावर राहतो आणि हात फिरेल तसा रंगावरून ओढला जातो. सोलापूरचा टेरी टॉवेल अंग पुसायला उत्तम आहे आणि त्याबद्दल मला आदर आहे, परंतु वारंवार धुऊन वाळल्यावर त्याचे फेरे कडक होतात, त्याची सुते सुटतात आणि त्याच्या काठाची शिवण टणक असते. म्हणून रंगासाठी आम्ही तो देत नाही, मायक्रोफायबरचा, म्हणजे अतिसूक्ष्म कृत्रिम तंतूंचा, टॉवेल देतो.

मायक्रोफायबरचा तंतू एक डेनिअरपेक्षा बारीक असतो, म्हणजे नऊ हजार मीटर लांबीच्या तंतूचे वजन एक ग्रॅमपेक्षा कमी भरते. जपानमधील तोरे कंपनीत मियोशी ओकामोटो यांनी १९७० मध्ये अतिसूक्ष्म तंतूंपासून मखमली चामड्यासारखे कापड तयार केले, आणि स्वच्छतेच्या कापडात असे तंतू वापरण्याची पद्धत त्यानंतर रुळली. गाडीच्या टॉवेलमध्ये पॉलिएस्टर आणि पॉलिअमाइड (म्हणजे नायलॉन) हे दोन घटक बहुधा ऐंशी-वीस किंवा सत्तर-तीस या प्रमाणात असतात. चांगल्या कापडात उत्पादनाच्या वेळी तंतू दुभंगवून त्याचे पाचरीसारखे काप केलेले असतात. त्या कापांमधल्या फटींत पाणी चढते आणि उभ्या लवेच्या मुळाशी धुळीचा कण दडतो. तंतू दुभंगलेलेच नसतील तर कापड हाताला गुळगुळीत लागते आणि पाणी शोषून न घेता नुसते पुढे ढकलते. पिशवीवर मायक्रोफायबर असे छापलेला बराच स्वस्त माल याच प्रकारचा असतो.

यामुळे नवा माल आला की विक्रीला ठेवण्यापूर्वी तपासायचा, अशी शिस्त आम्ही घालून घेतली. पहिली तपासणी वजनाची. जीएसएम म्हणजे एक चौरस मीटर कापडाचे ग्रॅममधील वजन. चाळीस सेंटीमीटर लांबी-रुंदीचा टॉवेल ४०० जीएसएमचा असेल तर तो सुमारे ६४ ग्रॅम भरला पाहिजे. एका पुरवठादाराने ४०० च्या नावाखाली पाठवलेले टॉवेल काट्यावर पन्नासच्याही खाली भरले, तेव्हा तो सगळा माल आम्ही परत केला आणि पुढचा व्यवहार थांबवला. दुसरी तपासणी पाण्याची: काचेवर थोडे पाणी सांडून त्यावरून टॉवेल न दाबता ओढायचा आणि मागे किती थेंब राहतात ते पाहायचे. तिसरी तपासणी काठाची, आणि माझ्या मते हीच सर्वांत दुर्लक्षित आहे. मधले कापड कितीही चांगले असले तरी काठावर पॉलिएस्टरच्या दोऱ्याची घट्ट शिवण असेल, किंवा कोपऱ्यात धुलाईच्या सूचनांची कडक पट्टी शिवलेली असेल, तर नुकसान तिथून होते. आम्ही काठाचा भाग जुन्या सीडीच्या चकचकीत बाजूवर घासतो आणि उजेडात तिरपी धरून पाहतो. बिनशिवणीच्या, अल्ट्रासोनिक पद्धतीने, म्हणजे ध्वनीच्या कंपनांनी, कापलेल्या काठाचे टॉवेल या तपासणीत बहुतेक वेळा उत्तीर्ण होतात, मात्र कापताना काठ वितळून टणक झालेला नाही ना, हे बोट फिरवून पाहावेच लागते.

कामानुसार निवड करणे त्यामानाने सोपे आहे. मेण किंवा पॉलिश काढायला आखूड लवेचा ३०० ते ४०० जीएसएमचा टॉवेल, शेवटचा हात फिरवायला लांब लवेचा, पाणी टिपायला पिळदार फेऱ्यांचा मोठा आणि जड टॉवेल, काचेला वॅफल, म्हणजे चौकोनी खळग्यांच्या, विणीचा. पाणी टिपताना टॉवेल पसरून ठेवायचा आणि हलकेच ओढायचा, दाबून घासायचा नाही.

धुण्याच्या मिटबद्दल, म्हणजे हातात मोज्यासारखा घालून गाडी धुण्याच्या साधनाबद्दल, मात्र थोडे सविस्तर लिहिले पाहिजे, कारण गाडी सर्वांत घाण असते तेव्हा तिच्यावर फिरतो तो मिट. स्पंजचा पृष्ठभाग सपाट असतो आणि त्यात शिरलेला मोठा कण विसळूनही सहज बाहेर पडत नाही, म्हणून रंगासाठी स्पंज आम्ही ठेवतच नाही. मेंढीच्या लोकरीचा मिट रंगावर अतिशय हळुवार चालतो. लांब लोकरीत धूळ वर चढते आणि साबणाचे पाणीही भरपूर धरले जाते. परंतु आपल्याकडे जूनपासून सप्टेंबरपर्यंत तो धड वाळत नाही, त्याला वास सुटतो आणि आतले कातडे आखडू लागते. त्यामुळे घरी काळजीने एकच गाडी धुणाऱ्या हौशी माणसाला आम्ही तो देतो, पण रोज काम करणाऱ्याला देत नाही. शेनिलचे, म्हणजे जाड बोटांसारख्या गोंड्यांचे मिट स्वस्त आणि टिकाऊ असतात, परंतु गोंड्यांच्या मुळाशी अडकलेली रेती काढायला बराच वेळ विसळावे लागते. आमच्या अनुभवात लांब लवेचा मायक्रोफायबर मिट नवी मुंबईच्या हवेला सर्वांत योग्य ठरतो. तो चटकन विसळला जातो आणि पंख्याखाली एका रात्रीत वाळतो. मिट कोणताही असो, साबणाची एक आणि विसळण्याची एक अशा दोन बादल्या, विसळण्याच्या बादलीत तळाशी जाळी, आणि वरून खाली येणारा हात, हे हवेच. चाकांचा मिट कायम वेगळा ठेवावा.

हे सर्व आम्ही सोसायट्यांत गाडी धुणाऱ्या मुलांना समजावू लागलो तेव्हा खरी अडचण कळली. त्यांना महिन्याला गाडीमागे काही शे रुपये मिळतात, उन्हाळ्यात पाइप लावू देत नाहीत, आणि एका बादलीत ओळीने गाड्या उरकाव्या लागतात. त्यांच्यासाठी आम्ही नंतर पाण्याने धुवून काढावे न लागणारे वॉश सोल्युशन आणि भिजवलेल्या अनेक टॉवेलांची पद्धत सुचवली. त्यात टॉवेलची चौपदरी घडी घातली की आठ स्वच्छ बाजू मिळतात, प्रत्येक बाजू एकाच भागावर एकदाच फिरवायची आणि मळलेला टॉवेल पुन्हा बादलीत बुडवायचा नाही. पद्धत पटली, पण नेरुळच्या एका मुलाने विचारले, “दादा, एवढी कापडं दिलीत, पण धुऊ कुठं आणि वाळत घालू कुठं?” एका खोलीत चौघे-पाचजण राहणाऱ्या माणसाचा हा प्रश्न रास्त होता.

म्हणून गाळ्याच्या मागच्या भागात आम्ही दोन वॉशिंग मशीन बसवली आणि टॉवेल विकण्याबरोबर भाड्याने देऊ लागलो. मळलेला संच द्यायचा आणि धुतलेला न्यायचा. मायक्रोफायबर सुती कपड्यांबरोबर धूत नाहीत, कारण सुताचे तुसे त्यात अडकतात. फॅब्रिक कंडिशनर वापरत नाहीत, कारण त्याचा थर तंतूंच्या फटी बुजवतो. पावडरऐवजी द्रव साबण वापरायचा आणि फार गरम हवेत वाळवायचे नाही. जमिनीवर पडलेला टॉवेल त्या दिवशी रंगावर जात नाही, हा नियम मुलांनी आता आमच्यापेक्षा काटेकोरपणे पाळायला घेतला आहे. लव बसलेल्या टॉवेलचा कोपरा कापून तो दाराच्या खाचांसाठी आणि नंतर चाकांसाठी वेगळा काढतो. विक्रीपेक्षा या सेवेतून नफा कमी सुटतो, तरी ती बंद करण्याचा विचार मनात येत नाही.

सध्या कोपरखैरणेच्या काही शिवणकाम करणाऱ्या महिलांकडून आम्ही मिट शिवून घेत आहोत. बाजारातील बहुतेक मिटची शिवण बोटांच्या टोकाशी बाहेर येते आणि मनगटाचे इलॅस्टिक लवकर सैल पडते. आमच्या नमुन्यात शिवण आतल्या बाजूला घेतली आहे, दोन्ही बाजूंना सारखी लव आहे, आणि अस्तर सुटे असल्याने मिट उलटा करून वाळवता येतो. पावसाळ्यातील वापरानंतर अस्तराचे कापड कोणते ठेवायचे ते ठरवू, आणि मग तो विक्रीला येईल.