कडू व्हायला एक तास लागतो

घरी पहिल्यांदा एल, म्हणजे बिअरचाच एक प्रकार, केली तेव्हा मी बिअरला कडवटपणा आणि वास देणाऱ्या हॉप्सची सगळी बोंडं, उकळी फुटल्याफुटल्या, एकदम पातेल्यात ओतली. हिशोब साधा होता. जितकं जास्त उकळेल तितका अर्क उतरेल, काढ्यासारखा. महिन्याभराने पहिला घोट घेतला आणि जीभ आपणहून आत ओढली गेली. कडूजहर! ज्या संत्र्याच्या, आंब्याच्या वासासाठी एवढा खटाटोप केला त्याचा मात्र मागमूस नाही. मित्रांनी एकेक घोट घेतला, ‘वेगळी आहे’ म्हणाले आणि ग्लास हळूच खिडकीत ठेवून दिले. अशी 20 लिटर.

नंतर एक सुकं बोंड बोटांत चुरडून पाहिलं, तेव्हा चूक कळायला सुरुवात झाली. (हे आधी करायला हवं होतं.) हॉप ही भांगेच्या कुळातली वेल. नर वेल वेगळी, मादी वेल वेगळी आणि आपल्या कामाची बोंडं फक्त मादी वेलीची. नशेशी मात्र त्यांचा संबंध नाही, ते काम यीस्टचं. बोंडाच्या पाकळ्यांच्या बुडाशी पिवळी, चिकट पूड असते, ल्युप्युलिन. त्या चिमूटभर पुडीत दोन बिऱ्हाडं नांदतात आणि त्यांचं एकमेकांशी अजिबात पटत नाही. एक अल्फा आम्लांचं. ही मुळात पाण्यात नीट विरघळतही नाहीत. तासभर उकळलं की त्यांच्या रेणूंची घडण बदलते, मग ती विरघळतात आणि तेव्हा कुठे कडू होतात. दुसरं बिऱ्हाड सुगंधी तेलांचं. त्यातलं मिरसीन तर आंब्यातही सापडतं. ही तेलं उकळीपुढे दहा-पंधरा मिनिटंसुद्धा टिकत नाहीत, वाफेबरोबर निघून जातात. माझा सगळा सुगंध त्या दिवशी स्वयंपाकघराच्या छताला लागला होता. घर दोन दिवस छान दरवळत होतं, एवढीच कमाई.

तेव्हापासून हॉप्स वजनाने नाही, घड्याळाने टाकतो. तासाभराच्या उकळीच्या सुरुवातीला फक्त 20-25 ग्रॅम. ते कडवटपणासाठी. मग बराच वेळ काहीच नाही, आणि हा वेळ फार वाईट असतो. पाकीट उघडं असतं, वास येत असतो, हात शिवशिवतो. शेवटच्या दहा मिनिटांत पुढची मूठ. गॅस बंद करून पातेलं 80 अंशांपर्यंत उतरलं की मोठी मूठ. आणि सगळ्यात मोठी राखून ठेवायची ती आठवडाभराने, आंबणं ओसरल्यावर, थंड बिअरमध्येच टाकायला. याला ड्राय हॉपिंग म्हणतात. ओल्या बिअरमध्ये टाकून वर ‘ड्राय’ कसं, हा प्रश्न मी सोडून दिला आहे. जात बहुतेक वेळा कॅस्केड, 1972 साली ऑरेगनमधून बाहेर पडलेली. वास पपनशीसारखा.

‘कडू कारलं तुपात तळलं, साखरेत घोळलं, तरी कडू ते कडूच’ ही म्हण इथे गैरलागू. साखर घालून हे कडू झाकायचंच नसतं, गोडाला आवरायला म्हणून ते मुद्दाम आणलेलं असतं. पाच किलो माल्ट, म्हणजे मोड आणून वाळवलेला जव, 66-67 अंशांच्या पाण्यात तासभर भिजवलं की त्यातल्या पिष्टाची साखर होते आणि ते पाणी, म्हणजे वर्ट, एवढं गोड लागतं की दुसरा चमचा नको वाटतो. ते उतूही जातं. हॉप्स पडल्याक्षणी फेस चढतो, पाठ वळली की शेगडीवर चिकट थर. दूध परवडलं.

गॅस बंद झाला की सोवळं सुरू. तोवर कशालाही हात लावा, उकळी सगळं मारते. आता मात्र चमचा, नळी, झाकण, प्रत्येक वस्तू निर्जंतुक द्रावणातून काढल्याशिवाय आत जात नाही. कारण पुढचं काम यीस्टचं आहे आणि तिथे आगंतुक नकोत. बव्हेरियाच्या 1516 च्या प्रसिद्ध फर्मानात बिअरसाठी जव, हॉप्स आणि पाणी एवढंच लिहिलं आहे. यीस्टचं नाव नाही. जो खरा राबतो तोच हजेरीपटातून गायब. आंबवण्याचं काम हा जिवंत गाळच करतो हे पाश्चरने दाखवेपर्यंत जवळजवळ साडेतीनशे वर्षं गेली.

माझ्याकडे यीस्ट हजर असल्याचं रात्री ऐकू येतं. एअरलॉकमधून, म्हणजे आतला वायू बाहेर सोडणाऱ्या पाण्याच्या बुचातून, ‘बुडुक’, मग थोडं थांबून ‘बुडुक’. पहिल्या रात्री दोनदा उठून पाहिलं होतं. 20 अंशांच्या आसपास तो सुखात असतो. फार तापला तर उग्र वास सोडतो, म्हणून भांड्याला ओलं फडकं. घनता मोजणारा हायड्रोमीटर 1.060 वरून 1.012 वर आला, म्हणजे सव्वासहा टक्क्यांच्या आसपास मद्यार्क. मग फेसासाठी 120 ग्रॅम साखर घालून बाटल्या भरायच्या. साखरेत हात सैल सोडला तर बाटली फुटते. बाटल्या तपकिरीच हव्यात. हॉप्सचं कडू द्रव्य उन्हात फुटतं आणि स्कंक नावाच्या प्राण्यासारखा वास येतो. मी तो प्राणी पाहिलेला नाही, वास मात्र ओळखतो. एक हिरवी बाटली दुपारभर खिडकीत विसरली होती.

गेल्या महिन्यात कपाटाच्या मागे त्या पहिल्या खेपेची एक बाटली सापडली. दोन वर्षांची. बिल्ला उडाला, फेस आला. मी नाक खुपसून वास घेतला, सवयीने. मग घोट घेतला. कडवटपणा बराच निवला होता. अर्धा ग्लास प्यायलो, उरलेला खिडकीत ठेवला.