हिमालयन ४११ : आधी तेलाचं तापमान, मग बाकीचे बदल

गाडी : रॉयल एन्फिल्ड हिमालयन ४११, बीएस४, फ्युएल इंजेक्शन. सेन्सर, मीटर आणि आकडे नोंदवणारी यंत्रणा बसली आहे, मूळ अवस्थेतले आकडे घेऊन झाले आहेत, आणि ॲक्सेसरीज एकेक करून परत चढवणं चालू आहे.

या इंजिनाला पाण्याचा रेडिएटर नाही. ७८ मिमी बोअर, ८६ मिमी स्ट्रोकचा एकच सिलिंडर, त्याला फिन्स आणि पुढे एक लहान ऑइल कूलर, एवढ्यावर सगळी उष्णता बाहेर जाते. मीटरवर जे तापमान दिसतं ते बाहेरच्या हवेचं, आणि गाडी उभी असताना तेही इंजिनाच्या धगीने चढतं. इंजिनाचा आकडा चालवणाऱ्याला कुठेच दिसत नाही. तरीही आपण पुढे फॉग लॅम्प लावतो, खाली जाड संप गार्ड (संप म्हणजे इंजिनाच्या तळाशी तेल साठतं तो भाग) लावतो, कूलरवर जाळी बसवतो. यातली प्रत्येक वस्तू एक तर हवा अडवते किंवा भार वाढवते. किती, ते मोजल्याशिवाय कळत नाही. म्हणून क्रम असा ठरवला : सगळं काढायचं, सेन्सर बसवायचा, नुसत्या गाडीचे आकडे घ्यायचे, आणि मग एका वेळी एकच वस्तू चढवायची.

सेन्सर कुठे बसवायचा

सगळ्यात जास्त विचार इथेच करावा लागतो, कारण जागा बदलली की आकड्याचा अर्थच बदलतो.

स्पार्क प्लगखाली बसणारी वायसरची थर्मोकपल (दोन धातूंच्या जोडाने तापमान मोजणारी वायर) हेडचं, म्हणजे सिलिंडरच्या वरच्या भागाचं, तापमान दाखवते. ती झटपट हलते, चढाला लगेच वर जाते, पण एका इंजिनाचा आकडा दुसऱ्याशी जुळत नाही, कारण प्लग किती घट्ट आहे आणि वायसर कुठल्या बाजूला वळली आहे यावरही तो बदलतो. प्लगची मूळ वायसर तशीच ठेवून वर ही दुसरी घातली तर प्लग तितकाच वर उचलला जातो, हेही लक्षात असू द्या.

ड्रेन प्लगच्या (तेल काढायच्या बुचाच्या) जागी बसणारा सेन्सर संपमधल्या तेलाचं तापमान दाखवतो. आकडा शांत असतो आणि तुलनेला उत्तम. धोका एकच, पण मोठा : दगडावर आपटणारी पहिली जागा तीच. संप गार्ड नसेल तर हा पर्याय सोडा. गार्ड असेल तर सेन्सरचं टोक आणि गार्ड यांत निदान १५ मिमी अंतर ठेवा. आपटल्यावर गार्ड आत वाकतो, ते धरून हे अंतर हवं.

तिसरी जागा कूलरच्या नळ्यांची. जाणाऱ्या आणि येणाऱ्या नळीच्या धातूच्या टोकाला बाहेरून एकेक थर्मिस्टर (तापमानाप्रमाणे रोध बदलणारा सेन्सर) थर्मल पेस्ट लावून बांधायचा आणि वरून उष्णतारोधक पट्टी गुंडाळायची. बाहेरून मोजल्यामुळे आकडा काही अंश कमीच येतो, पण दोन्ही नळ्यांमधला फरक बऱ्यापैकी खरा असतो. कूलर काम करतोय की नाही ते हा फरकच सांगतो.

इथे ड्रेन प्लग आणि दोन्ही नळ्या अशी जोडी ठेवली आहे. हेडचं तापमान मुद्दाम घेतलं नाही.

गाडीत ईसीयूसाठी (पेट्रोलचं प्रमाण ठरवणाऱ्या संगणकासाठी) इंजिन तापमानाचा सेन्सर आधीच आहे. त्याच्या वायरीला जोड देऊन दुसरा मीटर चालवायचा मोह अजिबात नको. तो सेन्सर म्हणजे एक बदलता रोध. त्याला समांतर काहीही जोडलं की ईसीयूला चुकीचं तापमान दिसतं आणि पेट्रोलचं प्रमाण बिघडतं. बीएस६ गाडीत डायग्नोस्टिक कनेक्टरमधून तोच आकडा वाचता येतो, तो मार्ग सुरक्षित आहे.

आटे आणि गळती

सेन्सर मागवण्याआधी जुना ड्रेन प्लग काढून व्हर्नियर आणि पिच गेजने आटे मोजा. दुकानदाराच्या सांगण्यावर जाऊ नका. १/८ एनपीटी आणि एम१०×१ हे दोन सेन्सर हातात सारखेच वाटतात. एनपीटीचे आटे निमुळते असतात, १ ला १६ या प्रमाणात. ते सरळ आट्यांच्या ॲल्युमिनियममध्ये घट्ट केले की दोन-तीन फेरे छान बसतात आणि मग पाचरीसारखे केसिंग चिरतात. सरळ आट्यांचा सेन्सर तांब्याच्या नव्या वायसरवर बसवा, सर्व्हिस मॅन्युअलमधल्या टॉर्कने.

एकवायरी सेन्सरचं अर्थिंग (विजेची परतीची वाट) सेन्सरच्या अंगातून मिळतं. आट्यांवर टेफलॉन टेप गुंडाळली की अर्थिंग तुटतं किंवा अर्धवट राहतं, आणि मीटरवर आकडा नाचतो. त्यामुळे दोनवायरी सेन्सरच घ्या. त्याचं अर्थिंग थेट मीटरपर्यंत स्वतंत्र वायरीने न्या.

कुठला सेन्सर, कुठला मीटर

बाजारात मिळणारे स्वस्त १२ व्होल्टचे डिजिटल थर्मामीटर बहुतेक −५० ते ११० अंशांचे असतात. म्हणजे नेमकं जिथे लक्ष द्यायचं तिथे ते आंधळे होतात. डीएस१८बी२० हा लोकप्रिय डिजिटल सेन्सर १२५ अंशांवर संपतो, त्यामुळे तोही तेलासाठी नको. किमान १५० अंशांची मर्यादा लिहिलेलाच घ्या.

स्वतः बनवणाऱ्यांसाठी : १० किलोओहम, बीटा ३९५० चा एनटीसी थर्मिस्टर २५ अंशांना १०,००० ओहम असतो, १०० अंशांना सुमारे ७००, १२० ला सुमारे ४०० आणि १३० ला सुमारे ३१५. बहुतेक सर्किटांत त्याच्या जोडीला १० किलोओहमचा रोध दाखवलेला असतो. तो खोलीच्या तापमानासाठी ठीक आहे. तेलासाठी १ किलोओहम लावा. ३.३ व्होल्टवर १०० अंशांना साधारण १.३६ व्होल्ट आणि १३० ला ०.७९ व्होल्ट मिळतात, म्हणजे कामाच्या पट्ट्यात दर अंशाला भरपूर फरक दिसतो. १० किलोओहमवर तोच १०० अंशांचा आकडा ०.२ व्होल्टच्या आसपास दबतो, आणि ईएसपी३२ या मायक्रोकंट्रोलरचा एडीसी (व्होल्टेजचा आकडा करणारा भाग) त्या टोकाला नीट वाचत नाही. थर्मिस्टरला समांतर ०.१ मायक्रोफॅरडचा कपॅसिटर लावला की इग्निशनचा त्रास बराच कमी होतो.

प्लगखालची थर्मोकपल वापरणार असाल तर ती वाचणारी मॅक्स३१८५५ चिप टाळा. वायसर इंजिनाला टेकलेली असल्यामुळे ती चिप ‘शॉर्ट टू ग्राउंड’ समजून दोष दाखवते. शिवाय के-टाइप थर्मोकपलची वायर लांबवायची तर के-टाइपचीच वायर हवी. साधी तांब्याची वायर जोडली तर जोडाच्या जागेचं तापमान आकड्यात मिसळतं, आणि तो जोड टाकीखाली असेल तर चूक मोठी असते.

पडताळणी

उकळत्या पाण्यात सेन्सर बुडवून पाहायचा, पण आकडा १०० यायला हवा असं नाही. दर ३०० मीटर उंचीला उत्कलनबिंदू जवळपास एक अंशाने उतरतो. मुंबईत १००, पुण्यात साधारण ९८, महाबळेश्वरला ९५-९६. दुसरा बिंदू बर्फाचा : ठेचलेला बर्फ आणि थोडंसं पाणी, नुसता बर्फ नाही. पातेल्याच्या तळाला सेन्सर टेकू देऊ नका.

वायरिंग

वीज इग्निशननंतरच्या लाइनवरून, १ अँपिअरच्या फ्यूजमधून. सतत चालू लाइनवर ठेवला तर लहान मीटरसुद्धा पावसाळ्यात उभ्या गाडीची बॅटरी हळूहळू उतरवतो. १२ व्होल्ट कमी करणाऱ्या कन्व्हर्टरच्या आधी टीव्हीएस डायोड (व्होल्टेजचे अचानक झटके शोषणारा) लावला आहे. सेन्सरची वायर इग्निशन कॉइल आणि प्लगच्या वायरीपासून शक्य तितकी लांब, डाव्या बाजूने नेली. सायलेन्सरच्या बेंड पाइपजवळ सिलिकॉनची फायबरग्लास स्लीव्ह, बाकी ठिकाणी साधी स्लीव्ह पुरते. हँडलपाशी हँडल दोन्ही बाजूंना पूर्ण वळवून पाहा आणि मगच केबल टाय आवळा. बहुतेक वायरी तिथेच, स्टीअरिंगच्या वळणावर तुटतात, आणि बाहेरून आवरण शाबूत दिसतं.

आकडे कसे वाचायचे

नुसतं ‘११५ आलं’ याला अर्थ नाही. विदर्भातल्या मे महिन्यातले ११५ आणि महाबळेश्वरच्या डिसेंबरमधले ११५ या वेगळ्या गोष्टी आहेत. म्हणून बाहेरच्या हवेसाठी दुसरा सेन्सर आरशाच्या दांड्याखाली सावलीत लावला, आणि नोंद तेल उणे हवा या फरकाची ठेवली. दर सेकंदाला एक वाचन, दहांची सरासरी, ती मेमरी कार्डावर. फाइल दर मिनिटाला बंद करून पुन्हा उघडायची, नाहीतर इग्निशन बंद होताच शेवटचा भाग हरवतो.

नुसत्या गाडीवर, ८० च्या वेगात सपाट रस्त्याला, तेल हवेपेक्षा साधारण ६५ ते ७५ अंशांनी वर राहतं. तुलनेचा चढ म्हणून पोलादपूर ते महाबळेश्वर हा आंबेनळी घाट धरला आहे. साधारण ४० किलोमीटरमध्ये सुमारे १३०० मीटर चढ, मध्ये सिग्नल नाहीत, आणि दुसऱ्या-तिसऱ्या गिअरमध्ये बराच वेळ कमी वेगात भार राहतो. तिथे फरक ८५ पर्यंत जातो. सकाळी लवकर गेलं तर ट्रकमागे अडकावं लागत नाही, आणि नोंद स्वच्छ येते.

तेलाच्या तापमानाच्या मर्यादा अशा ठेवल्या आहेत : ८० अंशांच्या खाली जोरात पिळायचं नाही. ९० ते ११५ नेहमीचं. १२५ च्या वर उघडा थ्रॉटल कमी करून वेग धरायचा. १३५ वर टिकून राहिलं तर सावलीत थांबायचं. थांबण्याआधीचं शेवटचं किलोमीटर हलक्या थ्रॉटलवर चालवणं सगळ्यात उपयोगी. उभ्या गाडीचं इंजिन चालू ठेवून ‘थंड’ करायला गेलात तर हवाच फिरत नाही. रोज चार-पाच किलोमीटरच गाडी चालवणाऱ्यांनी उलट्या बाजूलाही पाहावं : तेल १०० च्या आसपास पोहोचलंच नाही तर आतला ओलावा निघत नाही आणि तेल दुधाळ होतं.

बदल, एकेक करून

संप गार्ड : पूर्ण बंद पत्र्याच्या गार्डने चढावर तीन-चार अंश वाढले. मागच्या काठाला गरम हवा बाहेर जायला जागा दिल्यावर फरक जवळपास गेला. भोकं खालून नकोत, चिखल तिथूनच आत जाऊन साठतो.

फॉग लॅम्प : कूलरच्या थेट समोर क्रॅश गार्डवर असताना महामार्गावर फरक दिसतो, घाटात फारसा नाही. दिवे ८-१० सेंटिमीटर बाहेर आणि वर सरकवले, काम झालं.

कूलरची जाळी : ठेवा. दगडाने कूलर फुटला तर तेल रस्त्यावर आणि इंजिन संपलं, त्यापुढे एक-दोन अंश काहीच नाहीत. फक्त मोठ्या छिद्रांची घ्या.

चिखल : सगळ्या ॲक्सेसरीज एकीकडे आणि कोकणातला लाल चिखल एकीकडे. पुढचं चाक तो थेट कूलरवर फेकतं, गरम फिन्सवर तो वाळून घट्ट बसतो, आणि दोन नळ्यांमधला फरक आकसत जातो. हा फरक नेहमीच्या निम्म्यावर आला की कूलर धुवायची वेळ झाली. इंजिन पूर्ण गार झाल्यावर आधी भिजवून ठेवायचं, मग मागच्या बाजूने, साध्या पाइपने. प्रेशर वॉशरने फिन्स आडव्या होतात, आणि मग कूलर कितीही स्वच्छ दिसला तरी हवा जात नाही.

तेल : ‘गाडी तापते म्हणून २०डब्ल्यू-५० टाका’ हा सल्ला सोडून द्या. शेवटचा ५० हाच गरम अवस्थेतला दर्जा, आणि तो १५डब्ल्यू-५० मध्येही तोच आहे. फक्त गार सुरुवातीला तेल जास्त जाड होईल. ओला (इंजिनाच्याच तेलात चालणारा) क्लच असल्यामुळे डब्यावर जासो एमए२, म्हणजे अशा क्लचला चालणाऱ्या तेलाचा दर्जा, असणं महत्त्वाचं. पातळी सपाट जागेवर, गाडी सेंटर स्टँडवर सरळ उभी करून तपासा. खुणेच्या वर भरलेलं तेल इंजिन थंड ठेवत नाही, एअरबॉक्समध्ये जातं.

पुढच्या स्प्रॉकेटचा एक दात कमी करण्याचा विचार असलेल्यांसाठी : त्याच वेगाला आरपीएम सुमारे ७ टक्क्यांनी वाढतो. महामार्गावर तेल तापेल, पण घाटात इंजिन कमी कण्हतं. तिथले आकडे अजून घ्यायचे आहेत.

आता राहिलेलं काम : मोकळा एअर फिल्टर आणि सायलेन्सर. ऑक्सिजन सेन्सर संथ वेगात मिश्रण सांभाळून घेतो, पण उघड्या थ्रॉटलवर ईसीयू ठरलेल्या तक्त्यावरच चालतो. त्यामुळे जास्त हवा गेली तर मिश्रण पातळ होऊन हेड तापणार, आणि ते तेलाच्या आकड्यात उशिरा दिसणार. या एका चाचणीसाठी मात्र प्लगखालची थर्मोकपल बसवणार आहोत, आधी मूळ फिल्टरवर, मग नव्यावर, त्याच घाटात.