पावसाने बटेश्वर हुकलं, हजिऱ्याच्या जाळ्या मिळाल्या

ग्वाल्हेरची आमची दोन दिवसांची फोटोग्राफी कार्यशाळा मुद्दाम ऑगस्टमध्ये ठेवली होती, कारण किल्ल्याची टेकडी तेव्हाच हिरवी असते. शनिवारी शहराबाहेरची पडावली-बटेश्वरची जुनी मंदिरं, रविवारी सूर्योदयाला किल्ला, असा बेत. शुक्रवारी रात्री पावसाने धरलं ते रविवार संध्याकाळपर्यंत सोडलं नाही. शनिवारी पहाटे शहराच्या लष्कर भागातल्या वाड्याच्या ओसरीवर नऊ जण बॅगा घेऊन तयार, आणि गाडीवाले काका म्हणाले, "ताई, पडावलीकडे आज नको. गाडी रुतली तर दिवस गेलाच समजा." मी त्यांचं ऐकलं.

दहा वाजता शहरातल्याच हजिरा भागात सूफी संत मुहम्मद गौसच्या मकबऱ्यात शिरलो. अकबराच्या काळातली ही वास्तू. चारही बाजूंनी निरनिराळ्या नक्षीच्या दगडी जाळ्या. कडक उन्हात इथे मोठी अडचण होते. जाळीबाहेरचा उजेड धरला तर आतलं सगळं काळं पडतं, आतलं धरलं तर जाळी पांढरी होऊन नक्षी विरते. त्या दिवशी ढगांमुळे आत-बाहेरच्या उजेडातलं अंतर इतकं कमी होतं की एकाच फोटोत जाळीची नक्षी आणि आतल्या खांबांचा पोत, दोन्ही आलं. उन्हाचे फरशीवर पडणारे ठिपके मात्र मिळाले नाहीत, ते मिळणारही नव्हते. आयएसओ (कॅमेऱ्याची प्रकाश टिपण्याची संवेदनशीलता) १६०० ठेवा, खांबाला पाठ टेकून श्वास रोखा, ट्रायपॉडची आठवण येत नाही. तो आणायचाच असेल तर पुरातत्त्व खात्याची परवानगी आधी काढा.

अंगणातल्या तानसेनच्या समाधीजवळ एक मुलगी तासभर छत्रीखाली उभी राहिली. ओल्या दगडाचा तिने काढलेला फोटो मला या दोन दिवसांतला सर्वांत आवडलेला.

रविवारी किल्ला सोडला नाही, फक्त वाट बदलली. ग्वाल्हेर दरवाजाची दगडी चढण पावसात निसरडी होते, म्हणून उरवाई दरवाजाने गाडीतून गेलो. त्याच रस्त्याला कड्यात कोरलेल्या जैन मूर्ती भिजून गडद झाल्या होत्या. मानमंदिर राजवाड्याच्या निळ्या फरश्यांवरची बदकं आणि हत्ती धुऊन निघाले होते. ओल्या फरश्यांवरची चकाकी घालवायला लेन्सवर लावायचा पोलरायझर फिल्टर जवळ हवाच. सूर्योदय नाहीच मिळाला. तेली मंदिर टिपताना आकाश शक्यतो चौकटीबाहेर ठेवा, नाहीतर वरचा अर्धा फोटो कोरा दिसतो. पाऊस वाढला की सास-बहू मंदिराचा मंडप गाठा. १०९३ सालचं ते कोरीवकाम बघण्यात दोन तास सहज जातात.

एक चूक झाली. दोघे जण एसी खोलीतून थेट बाहेर आले आणि लेन्सवर वाफ धरली. वीस मिनिटं गेली. कॅमेरा बंद पिशवीतच बाहेर आणा, हवेच्या तापमानाला आला की मग पिशवी उघडा. फडक्याने पुसत बसू नका, वाफ पुन्हा धरते.

कार्यशाळा ठरवणाऱ्यांना माझं कळकळीचं सांगणं: वेळापत्रकाशेजारी ढगाळ हवेच्या जागांची वेगळी यादी ठेवा, त्या जागा स्वतः आधी बघून या, आणि बदल होऊ शकतो हे पैसे घेतानाच सांगा. बटेश्वरसाठी मी नोव्हेंबरमधला एक रविवार ठेवला आहे. या नऊ जणांकडून त्याचे वेगळे पैसे घेणार नाही.