माझा अनुभव : ‘मुलांची आहे की मोठ्यांची, ते आधी ठरवा’

माझी सर्कशीवरची फँटसी कादंबरी छापून आली, पण एका प्रकाशनाच्या कार्यालयात ती ज्या कारणासाठी अडकून पडली, त्याचा राग अजून गेलेला नाही. तेरा ते अठरा या वयासाठी मराठीत लिहिणाऱ्यांच्या उपयोगी पडेल म्हणून लिहितेय.

लिखाण नीट पार पडलं. हस्तलिखित प्रकाशनाकडे गेलं आणि तिथेच बसलं. उन्हाळा गेला, पावसाळाही गेला. फोन केला की एकच उत्तर, ‘‘वाचन समितीकडे आहे, मॅडम.’’ शेवटी नागपूरहून रात्रीची गाडी पकडली आणि समोर जाऊन बसले. तेव्हा कळलं, समितीपर्यंत ते पोचलंच नव्हतं. टेबलावर दोन गठ्ठे होते, एक बालसाहित्याचा, एक कादंबऱ्यांचा. माझी फाइल दोन्हींच्या मधे आडवी पडली होती, वर चहाच्या कपाचा गोल डाग.

संपादक म्हणाले, ‘‘मुलांची आहे की मोठ्यांची, ते आधी ठरवा. मुलांची असेल तर चौसष्ट पानांत बसवा, चित्रं टाकू. आणि सर्कस म्हटलं की वाघ पाहिजेच.’’

अहो, वाघ नाहीत म्हणून तर ही गोष्ट आहे! सर्कशीत वाघ, सिंह, बिबटे, अस्वलं आणि माकडं यांच्या खेळांवर १९९८च्या अधिसूचनेने बंदी आली आणि २००१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती कायम ठेवली. माझ्या कादंबरीत पिंजरे गेले, पण वाघांच्या सावल्या सर्कशीतच राहिल्या. रेशीमबागेच्या मैदानावर रात्रीचा खेळ सुटला की त्या तंबूच्या कापडावरून फिरतात आणि फक्त गौरीला दिसतात. गौरी पंधरा वर्षांची. आई झुल्यावर काम करते, बाप तंबूचे दोर ताणतो. तिला मात्र झुल्याला हात लावू देत नाहीत, कारण सर्कशीत मुलांना कामाला ठेवण्यावर बंदी घालायला न्यायालयाने २०११ मध्येच सांगितलंय. बंदी योग्यच आहे, मला त्याबद्दल शंका नाही. पण जिचं सगळं जग त्या तंबूत आहे, तिने खाली बसून नुसतं वर बघायचं, ही तडफड पंधराव्या वर्षीच्या वाचकाला बरोबर कळते. चौसष्ट पानांत ती मावत नाही.

मग ते म्हणाले, ‘‘हे सर्कस, फँटसी वगैरे बाहेरचं वाटतं.’’ पहिली भारतीय सर्कस १८८० मध्ये मुंबईत उभी केली ती विष्णुपंत छत्र्यांनी. पुण्याच्या दामू धोत्र्यांनी अमेरिकेत जाऊन वाघ-बिबट्यांचे खेळ केले. सर्कस बाहेरची कशी? मी हे सगळं तिथेच बोलले आणि फाइल उचलून परत आणली. ते केलं याचं मला आजही समाधान आहे.

पुस्तक पुढे नागपुरातल्याच एका छोट्या प्रकाशकाने काढलं. या वेळी हस्तलिखिताच्या पहिल्याच पानावर ‘कुमार कादंबरी, वय १३ ते १८’ असं ठळक लिहिलं होतं आणि उत्तर कधी देणार ती तारीख ईमेलवर मागून घेतली होती. तुम्हीही हे दोन्ही करा. तोंडी ‘बघतो’वर थांबू नका.

आयएसबीएनचं, म्हणजे पुस्तकाच्या ओळख क्रमांकाचं, विचारतात बरेच जण. तो मोफत मिळतो, अर्ज ऑनलाइन होतो. करार मात्र लेखीच हवा, आणि त्यात मुदत लिहून घ्या. कॉपीराइट कायद्याच्या कलम १९ प्रमाणे हक्क लेखी दिल्याशिवाय जात नाहीत, आणि मुदत लिहिली नसेल तर ती पाच वर्षं धरतात.

हे खरं तर आधी सांगायला हवं होतं : हस्तलिखित पाठवण्यापूर्वी नववी-दहावीच्या मुलांना वाचायला द्या. धरमपेठेतल्या माझ्या भाचीच्या मैत्रिणींनी सावल्यांचं प्रकरण रात्रीतून संपवलं आणि पुढचं मागायला सकाळी दारात हजर! संपादकाशी वाद घालायला एवढं बळ पुरेसं असतं.

आणि हो, फाँट. युनिकोडमधला मजकूर डीटीपीवाल्याच्या जुन्या फाँटमध्ये गेला की रफार जागा सोडतो. माझ्या पहिल्या प्रुफात पानोपानी ‘सकर्स’ झालं होतं. प्रूफ हातात आलं की आधी रफार तपासा, मग बाकीचं वाचा.