दोन लॅप मागे पडलेली ३३ नंबरची कॉर्व्हेट

एन्ड्युरन्स रेस (तासन्‌तास चालणारी गाड्यांची शर्यत) ड्रायव्हरइतकीच पिटमधली, म्हणजे ट्रॅकशेजारी गाडी दुरुस्त करणारी, माणसं जिंकतात असं मी आधीपासून मानतो, पण २०२३ च्या ल मां, म्हणजे फ्रान्समधल्या २४ तासांच्या रेसच्या वेळी आमच्या म्हापशाच्या गॅरेजात जे झालं त्यानंतर तर पक्कंच झालं.

१० जून, शनिवार. आपल्याकडे संध्याकाळी साडेसातला रेस सुटते, २४ तास चालते. माझी आवडती गाडी ३३ नंबरची कॉर्व्हेट, एलएमजीटीई ॲम क्लासमधली (हौशी ड्रायव्हरही असलेल्या जीटी गाड्यांचा गट), बेन कीटिंग, निकी कॅट्सबर्ग आणि निको वारोने हे तिघे ती आळीपाळीने चालवणार, कीटिंगने क्लासची पोलपण (सुटताना पहिली जागा) घेतलेली. आणि सुरुवातीलाच गाडी पिटमध्ये! डँपर, म्हणजे आपला धक्के जिरवणारा शॉकअप, बदलावा लागला, बाहेर आली तेव्हा दोन लॅप मागे. तिथला एक लॅप (ट्रॅकची एक फेरी) १३.६२६ किमीचा, म्हणजे सव्वासत्तावीस किलोमीटरची उधारी. आमचा हेल्पर म्हणाला, संपलं. मी म्हटलं थांब रे, आत्ताच नीट बदललाय ते बरं, अख्खी रात्र आहे भरून काढायला.

आणि योगायोग बघा, त्याच वेळी आमच्या जॅकवर एक टॅक्सी होती, पुढच्या डाव्या शॉकअपमधून ऑइल गळून सगळं चिकट झालेलं. टॅक्सीवाले दादा म्हणे, "पात्रांव (मालक), उद्या रात्री मोपा एअरपोर्टचं भाडं आहे, तेवढं मारून येतो, सोमवारी बघू." मी साफ नाही म्हटलं. खड्ड्यात दबलेली स्प्रिंग उड्या मारतच राहते, तिला शांत करतं ते शॉकअपमधलं ऑइल, बारीक व्हॉल्व्हमधून ढकललं जाऊन ते तापतं आणि उडीतला जोर त्या उष्णतेत जिरतो, ऑइलच गेलं तर चाक रस्ता सोडायला लागतं, आणि पावसाच्या ओल्या रस्त्यावर मग ब्रेक असून नसल्यासारखा. शिवाय एकच नवा टाकून चालत नाही, जोडीनेच बदलायचे, नाहीतर गाडी एका बाजूला ओढते. दादा फार नाराज झाले, पैशाचं होतं त्यांचं, मला कळत होतं, पण पॅसेंजर बसवायचे होते ना.

रविवारी पार्टवाल्याच्या घरी जाऊन दुकान उघडायला लावलं, स्प्रिंग कॉम्प्रेसर लावून दोन्ही बाजू खोलल्या, बेअरिंगपण गेलेलं निघालं, तेही टाकलं. मधे मधे फोनवर टायमिंग बघत होतो. आयर्न डेम्स टीमची पोर्शे क्लासमध्ये बराच वेळ पुढे होती आणि आमची कॉर्व्हेट हळूहळू, एकेक सेकंद करत वर येत होती, काय चालवली पोरांनी! साडेसातला झेंडा पडला तेव्हा ३३ नंबर क्लासमध्ये पहिली, दुसऱ्या नंबरच्या ॲस्टन मार्टिनच्या एक लॅप पुढे. मी आणि हेल्पर इतके ओरडलो की शेजारचा पंक्चरवाला धावत आला.

गाजावाजा सगळा फेरारीचा झाला, ५० वर्षांनी सगळ्यात वरच्या क्लासमध्ये परत येऊन त्यांनी अख्खी रेस जिंकली, मान्य. पण दोन लॅप गमावून ते परत मिळवणं मला त्याहून मोठं वाटतं, आणि कॉर्व्हेटच्या याच तिघांनी जुलैत इटलीतल्या मोंझाला, सीझनच्या दोन रेस शिल्लक असतानाच, वर्ल्ड एन्ड्युरन्स चॅम्पियनशिपमधलं त्या क्लासचं विजेतेपदपण घेतलं.

दादा आठला आले, मागच्या खड्ड्यांच्या रस्त्यावरून ट्रायल मारून आले, आणि स्वतःहून म्हणाले, "मागचे दोन पण बघून ठेव, पुढच्या महिन्यात टाकू."